आतड्याची भिंत किती मिलिमीटर?

पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी शेवटची ओळ वाचतो. तिथे ‘नॉर्मल’ दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण तोच रिपोर्ट एकदा वरपासून खालपर्यंत नीट वाचून पाहा. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही किडन्या, मूत्राशय, प्रत्येकाबद्दल काही ना काही लिहिलेलं असतं. आतड्याबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते, नाहीतर तीही नसते. ‘गॅस जास्त असल्यामुळे नीट दिसलं नाही’ हे वाक्य तर सोलापुरातल्या कितीतरी घरांतल्या फायलींमध्ये सापडेल.

मी याच शहरात सोनोग्राफी करते. महिनोन्‌महिने जुलाब, जेवल्यावर बेंबीभोवती किंवा उजवीकडे खाली मुरडा, उतरत चाललेलं वजन, कमी झालेलं रक्त, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात आणि सांगतात, ‘सोनोग्राफी झालीये डॉक्टर, काही निघालं नाही.’ तेव्हा मला विचारावंसं वाटतं, आतडं पाहिलं होतं का? पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत आतड्याची भिंत मुद्दाम शोधून, मोजून पाहिली जातेच असं नाही. ती पाहायची तर वेगळा वेळ काढून, वेगळ्या पद्धतीने तपासणी करावी लागते. यंत्र तेच, जेल तेच. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘आतड्याची सोनोग्राफी’ असं स्पष्ट लिहिलेलं असलं की सगळी तपासणीच बदलते.

गॅस असतो, तरी दिसतं

सोनोग्राफीचा प्रोब आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र तयार होतं. शरीराच्या मऊ भागांतून हा ध्वनी सेकंदाला साधारण 1540 मीटर वेगाने जातो. वाटेत हवा आली की जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो आणि हवेच्या पलीकडचं काही दिसत नाही. आतड्यात हवा असायचीच. म्हणून वर्षानुवर्षं सोनोग्राफी करणाऱ्यांना आतडं म्हणजे चित्र बिघडवणारी अडचणच वाटत आली.

यातून वाट निघाली ती अपेंडिक्समुळे. 1986 मध्ये नेदरलँड्समधल्या एका रेडिओलॉजिस्टने अपेंडिक्सची सूज पाहताना प्रोब हळूहळू, रुग्णाला न दुखवता दाबत नेण्याची रीत मांडली. दाब पडला की आतड्यातली हवा बाजूला सरकते, आतडं प्रोबच्या जवळ येतं आणि भिंत दिसू लागते. आज आम्ही आतड्याच्या प्रत्येक भागासाठी हेच करतो.

आणखी एक गोष्ट रुग्णांना सांगितली की त्यांना आश्चर्य वाटतं. निरोगी आतडं पाहणं अवघड असतं. आजारी आतडं त्यामानाने सोपं. सुजलेली भिंत जाड होते, आतली पोकळी लहान होते, तिथे हवेला जागा कमी उरते आणि तो भाग फारसा हलत नाही. त्यामुळे तो पडद्यावर उठून दिसतो.

आधी साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब फिरवून पोटाचा अंदाज घेतला जातो. मग 7 ते 12 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा सरळ प्रोब घेतला जातो. तो खोलवर पोचत नाही, पण जवळचं फार बारकाईने दाखवतो. सुरुवात बहुधा डाव्या बाजूला खाली होते. तिथे मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि कंबरेचा स्नायू ओलांडून जाणारं मोठं आतडं सापडतं. त्याचा माग काढत वर, मग आडवं, मग उजवीकडे खाली उतरायचं. उजवीकडे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, आणि आपल्या भागातले बरेचसे आजार याच सांध्यावर घर करतात. तिथे वेळ द्यावा लागतो.

चांगल्या यंत्रावर आतड्याच्या भिंतीचे पाच थर दिसतात, एक पांढरा, एक काळा, असे आलटून पालटून. आतून बाहेर पाहत गेलं तर पहिला पांढरा थर म्हणजे पोकळी आणि अस्तर यांची सीमा, मग काळं अस्तर, मग अस्तराखालचा पांढरा थर, मग स्नायूचा काळा थर आणि शेवटी बाहेरचं पांढरं आवरण. या सगळ्यांची मिळून जाडी निरोगी माणसात 3 मिलिमीटरच्या आत असते. एवढ्या पातळ गोष्टीत अर्ध्या मिलिमीटरलाही अर्थ असतो. म्हणून माप तिरकं घेऊन चालत नाही. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही छेदांत, एकापेक्षा जास्त वेळा मोजून सरासरी काढायची असते.

दुर्बिणीला न दिसणारी खोली

आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहात दोन आजार मुख्य आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढतो आणि बहुतांशी आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले भाग सोडून सोडून होतो, आणि मुख्य म्हणजे भिंतीच्या आरपार जातो. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर या डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून तो या नावाने ओळखला जातो.

दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, आतल्या पृष्ठभागावरच्या जखमा दाखवते आणि तिथून तुकडाही काढता येतो. तिला पर्याय नाही. पण ती भिंतीच्या आत किंवा बाहेर पाहू शकत नाही. शिवाय एखादी जागा फार अरुंद झाली असेल तर दुर्बीण तिथेच थांबते आणि पुढे काय आहे ते कळत नाही. सोनोग्राफी नेमकं हे दाखवते: भिंतीची जाडी, थरांची रचना, भिंतीबाहेरची चरबी, लसिका ग्रंथींच्या गाठी, पू साठला आहे का, एका आतड्यातून दुसऱ्यात भगदाड पडलं आहे का. तेही जुलाबाचं औषध न घेता, भूल न देता, क्ष-किरण न लावता. म्हणूनच एकाच माणसाची ती पुन्हा पुन्हा करता येते.

जाडीनंतर पाहायचा तो रक्तप्रवाह. कलर डॉप्लर चालू केलं की भिंतीतल्या रक्तवाहिन्या रंगीत ठिपक्यांसारख्या चमकतात. निरोगी भिंतीत ठिपका क्वचितच दिसतो. दाह जागा असेल तर ते वाढतात, लांबट होतात आणि फारच जोर असेल तर भिंतीतून बाहेरच्या चरबीपर्यंत पसरतात. लिंबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1999 मध्ये याला 0 ते 4 अशी श्रेणी दिली आणि ती आजही रिपोर्टमध्ये लिहिली जाते. बाहेरच्या चरबीकडेही लक्ष ठेवावं लागतं. क्रोन्समध्ये आतड्याला लागून असलेली चरबी वाढून त्याच्याभोवती गुंडाळली जाते आणि पडद्यावर पांढरी, फुगलेली दिसते. असं दिसलं की दाह भिंत ओलांडून बाहेर पोचला आहे, हे समजायचं.

जाडी सुजेची की वणाची?

उपचार ज्यावर ठरतात तो प्रश्न आता येतो. आणि तोच सगळ्यात अवघड आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यातून आलेला टॉवेल पाण्यात भिजला की जाड आणि जड होतो. पिळून वाळवला की पहिल्यासारखा होतो. तोच टॉवेल ठिकठिकाणी फाटून रफू करत गेलो तर तोही जाड होतो. पण ही जाडी कितीही पिळली तरी जात नाही, आणि रफू केलेली जागा आक्रसून ताठ होते. नुसती मोजपट्टी लावली तर भिजलेला आणि रफू केलेला सारखेच जाड भरतील. आतड्याच्या भिंतीचं असंच होतं. दाहात भिंतीत पाणी साचतं, पांढऱ्या पेशींची गर्दी होते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ही सूज औषधाने उतरू शकते. पण दाह वर्षानुवर्षं धुमसत राहिला, पुन्हा पुन्हा जखम होऊन भरत राहिली, की त्या जागी कोलॅजनचे धागे साचतात आणि स्नायूचा थरही जाड होतो. याला फायब्रोसिस म्हणतात. आपण वण म्हणू. वण मऊ पडत नाही. आतड्यातला असा वण विरघळवणारं मान्यताप्राप्त औषध आज जगात कुठेही उपलब्ध नाही.

वण आतड्याच्या घेरात पसरला की पोकळी अरुंद होते. अन्न तिथे अडतं, मागचं आतडं जोर लावतं, पोट फुगतं, लाटेसारखी कळ येते, गुडगुड आवाज होतात, कधी उलटी होते. सोनोग्राफीत तीन गोष्टी एकत्र दिसल्या की ती खरी अरुंद जागा मानायची: भिंत जाड, पोकळी बारीक आणि तिच्या मागचं आतडं फुगलेलं. मागच्या भागाचा व्यास अडीच ते तीन सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर अडथळा महत्त्वाचा आहे. इथे सोनोग्राफीचा एक मोठा फायदा आहे. सीटी स्कॅन हा एका क्षणाचा फोटो असतो; सोनोग्राफीत आतडं हलताना दिसतं. फुगलेल्या भागातलं अन्न-पाणी पुढे-मागे डुचमळतंय, पण अरुंद जागेतून पलीकडे काही जात नाही, हे मी रुग्णाला पडद्यावर दाखवू शकते. एखाद्या क्षणी आकुंचन पावल्यामुळे अरुंद वाटलेली जागा दोन मिनिटांनी उघडलेली दिसते, तेव्हा ती अरुंद नव्हतीच हेही तिथल्या तिथे कळतं.

मग सूज आणि वण वेगळे कसे ओळखायचे? डॉप्लरमध्ये रंग भरपूर असेल तर दाह जागा आहे हे नक्की. थर पुसट होऊन भिंत काळपट दिसत असेल तर तेही बहुधा दाहाकडे बोट दाखवतं. उलट भिंत जाड आहे, थर स्पष्ट आहेत, रंग नाही, ती जागा ताठ आहे, दाबली तरी आकार बदलत नाही, तर वणाचा वाटा जास्त असावा. हे संकेत आहेत. यांच्या जोरावर छातीठोकपणे ‘हा निव्वळ वण आहे’ असं लिहिणारा रिपोर्ट आला तर मी त्याकडे शंकेने पाहीन. रंग दिसला नाही याचा अर्थ दाह नाही असाही होत नाही. जागा खोल असेल, पोटावर चरबी जास्त असेल किंवा यंत्राची सेटिंग बरोबर नसेल तरी रंग दिसत नाही.

नेमकेपणा वाढवण्यासाठी दोन तंत्रं वापरून पाहिली जात आहेत. एकात शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे हे बुडबुडे रक्तातल्या लाल पेशींपेक्षाही लहान असतात, भिंतीतल्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतात आणि थोड्या वेळात तो वायू श्वासावाटे बाहेर पडतो. किती बुडबुडे आले, किती वेगाने आले, यावरून रक्तप्रवाह मोजता येतो. दुसरं तंत्र इलास्टोग्राफी. यकृत किती कडक झालंय हे पाहायला जे तत्त्व वापरतात, तेच इथे भिंतीचा कडकपणा मोजायला वापरतात. दोन्हींतून माहिती मिळते, पण एका ठरावीक आकड्याच्या अलीकडे सूज आणि पलीकडे वण, अशी सर्वमान्य रेषा अजून आखता आलेली नाही. त्याचं कारण शरीरातच आहे. ऑपरेशन करून काढलेले अरुंद भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बहुतेकांत सूज आणि वण दोन्ही एकत्र सापडतात. प्रश्न कोण जास्त आहे, एवढाच असतो.

म्हणून ‘आतडं अरुंद झालंय, आता ऑपरेशनच’ हे वाक्य ऐकून लगेच खचून जाऊ नका. युरोपातल्या ‘क्रिओल’ नावाच्या अभ्यासात क्रोन्समुळे लहान आतडं अरुंद होऊन त्रास होणाऱ्या 97 रुग्णांना अडालिमुमॅब हे दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं गेलं. 24 आठवड्यांनी त्यांच्यातल्या 64 टक्क्यांचा निभाव त्याच औषधावर लागला होता. फुगा घालून रुंदीकरण किंवा ऑपरेशन करावं लागलं नव्हतं. चार वर्षांनंतरही जवळजवळ निम्म्या रुग्णांचं आतडं कापावं लागलं नव्हतं. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. याची दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवी. उरलेल्यांना औषध पुरलं नाही. लहानशी, सरळ अरुंद जागा दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येते. लांब किंवा ताठ जागा असेल, मागचं आतडं खूप फुगलेलं असेल, पू असेल, तर वेळेवर केलेलं ऑपरेशन हाच चांगला उपचार असतो. तिथे महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेत राहणं घातक आहे. वणावर स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, दुष्परिणाम मात्र सगळे होतात.

आपल्याकडचा टीबी

युरोपातल्या पुस्तकात लहान आतड्याच्या टोकाची भिंत जाड दिसली की पहिलं नाव क्रोन्सचं येतं. सोलापुरात, बार्शीत, अक्कलकोटला ते तसं येऊ शकत नाही. आतड्याचा टीबी त्याच जागी बसतो, तशाच जखमा करतो, तसाच वण ठेवून आतडं अरुंद करतो. टायफॉइड आणि आतड्याचे इतर काही संसर्गही ही भिंत काही आठवड्यांपुरती जाड करतात आणि मग ती आपोआप पूर्ववत होते. त्यामुळे एका सोनोग्राफीत भिंत जाड दिसली म्हणून आयुष्यभराच्या आजाराचं नाव चिकटवणं चूक आहे.

काही खुणा मदत करतात. टीबीत गाठी मोठ्या असतात, त्यांचा मधला भाग मऊ पडून गळून गेल्यासारखा दिसतो, पोटात पाणी असू शकतं, मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी आक्रसते. क्रोन्समध्ये जास्त लांबीचा भाग बाधित असतो, मध्ये चांगले तुकडे सुटलेले असतात, चरबी गुंडाळलेली असते. तरीही फक्त सोनोग्राफीवरून निकाल देता येत नाही. दुर्बिणीतून काढलेला तुकडा, त्याची टीबीसाठीची जनुकीय चाचणी, छातीचा फोटो, हे सगळं जुळवावं लागतं. यात चूक झाली तर किंमत मोठी आहे. टीबी असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी पसरतो. क्रोन्स असताना टीबीची औषधं महिनोन्‌महिने दिली तर तेवढा काळ दाह चालू राहतो आणि वण वाढत जातो. टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात आणि आजार बरा होतो. पण जंतू मेल्यावरही वण मागे राहू शकतो. म्हणून कोर्स संपल्यानंतर पोट फुगून कळा येत असतील तर ‘टीबी परत आला’ असं गृहीत न धरता अरुंद जागा आहे का, हे आधी पाहावं.

एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा

या तपासणीची खरी ताकद दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी कळते. उपचार सुरू करण्याआधी भिंत साडेसहा मिलिमीटर होती, तीन महिन्यांनी साडेचार झाली, रंग कमी झाला, म्हणजे औषध लागू पडतंय. रुग्ण म्हणतोय बरं वाटतंय, पण भिंत जशीच्या तशी आहे, तर आतला दाह गेलेला नाही. तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार जाडी 25 टक्क्यांहून जास्त किंवा 2 मिलिमीटरहून जास्त उतरली तर तो खरा प्रतिसाद मानतात. भिंत 3 मिलिमीटरच्या आत आली आणि रंगही नाहीसा झाला, तर भिंत पूर्ण खोलीपर्यंत शांत झाली असं म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा बदल फार लवकर दिसतो. जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासात दोन आठवड्यांतच भिंत पातळ होताना आढळली. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात भिंतीचं हे खोलवरचं बरं होणं उपचाराचं औपचारिक उद्दिष्ट म्हणून धरलेलं नाही, पण दुर्बिणीच्या जोडीला ते पाहावं असं म्हटलं आहे. मला ही भूमिका योग्य वाटते.

एमआरआयशी तुलना केली तर? ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत झालेल्या ‘मेट्रिक’ अभ्यासाने क्रोन्सच्या रुग्णांत दोन्ही तपासण्या समोरासमोर ठेवल्या. लहान आतड्यात आजार आहे हे एमआरआयने 97 टक्के वेळा ओळखलं, सोनोग्राफीने 92 टक्के. पण आजार नेमका कुठून कुठपर्यंत पसरला आहे हे बरोबर सांगण्यात फरक जास्त होता: एमआरआय 80 टक्के, सोनोग्राफी 70. म्हणजे पहिल्यांदा पूर्ण नकाशा काढताना किंवा ऑपरेशनआधी एमआरआय करून घ्यावा. नंतरच्या प्रत्येक फेरीला मात्र सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून, रजा टाकून पुण्याला जायची गरज नाही. पहिल्या नकाशातली आजारी जागा इथेच, त्याच प्रोबखाली, दर काही महिन्यांनी मोजता येते. ज्यांच्या घरी एक दिवसाची मजुरी बुडणं परवडत नाही, त्यांच्यासाठी याचं मोल मोठं आहे.

मर्यादाही आहेत. गुदाशय ओटीपोटात खोल असतो, तो पोटावरून नीट दिसत नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग हुकू शकतो. जाड व्यक्तीत बारकावे हरवतात. आणि तपासणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं. आतड्याची सोनोग्राफी हे शिकून, शेकडो पोटं पाहून येणारं कौशल्य आहे. जमल्यास दर वेळी एकाच ठिकाणी, एकाच व्यक्तीकडून करून घ्या आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. जुन्या आकड्याशिवाय नवा आकडा अर्धाच बोलतो.

युरोपात अनेक ठिकाणी पोटाचे डॉक्टर स्वतःच ओपीडीच्या टेबलावर ही तपासणी करतात. आपल्याकडे तसं सहज होत नाही, आणि त्यामागे गंभीर कारण आहे. मुलींचे गर्भ पाडले जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, मग 1994 चा केंद्रीय कायदा आला. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र आणि केंद्र नोंदवलेलं असावं लागतं, यंत्र कुणीही कुठेही नेऊन वापरू शकत नाही. हा कायदा हवाच. त्यामुळे इथे तपासणी बहुधा रेडिओलॉजिस्ट करतात आणि पोटाच्या डॉक्टरांशी त्यांचा संवाद चिठ्ठीतून होतो. चिठ्ठीवर ‘पोटदुखी’ एवढंच लिहिलं तर नेहमीची तपासणी होईल. ‘क्रोन्स, अडालिमुमॅब सुरू, भिंतीची जाडी आणि डॉप्लर हवा’ असं लिहिलं तर आम्हाला काय शोधायचं ते कळतं. गरोदर बाईच्या आतड्याचीही अशी तपासणी करता येते, क्ष-किरण नसल्यामुळे ती बाळाला सुरक्षित असते. फक्त गरोदरपणात कुठल्याही कारणाने सोनोग्राफी केली तरी ठरलेला फॉर्म भरावा लागतो. तो मागितला तर घाबरू नका.

तपासणीच्या आधी चार ते सहा तास काही खाऊ नये, पाणी चालतं. लघवी थोडी साठलेली असली तर बरं. अर्धा तास धरून या. रिपोर्टमध्ये या गोष्टी आहेत का पाहा: कोणता भाग, भिंत किती मिलिमीटर, किती लांबीपर्यंत, डॉप्लरची श्रेणी, थर, चरबी, गाठी, अरुंद जागा, मागच्या आतड्याचा व्यास. ‘आतड्याला सूज’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आणि मग प्रत्येक जण विचारतो, भाकरी खाऊ का? शेंगाची चटणी? हुरडा? याचं उत्तर याच आकड्यांत आहे. आतडं अरुंद नसेल तर ज्वारीची भाकरी उगीच सोडायला लावणं मला पटत नाही. आजारात वजन आधीच घटलेलं असतं, त्यात हक्काचं जेवण हिरावलं की माणूस आणखी खंगतो. अरुंद जागा असेल आणि मागचं आतडं फुगत असेल, तर मात्र अख्खे शेंगदाणे, हुरडा, उसाचा चोथा, पेरू आणि बोराच्या बिया, जाड देठाच्या पालेभाज्या बंद ठेवाव्या लागतात. भाकरी दुधात मऊ कुस्करून, भाजी शिजवून गाळून, थोडं थोडं आणि चावून खावं. किती दिवस, ते पुढच्या सोनोग्राफीनंतर तुमचे डॉक्टर सांगतील.

पोट गच्च फुगलंय, हिरवट उलट्या होतायत, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, किंवा कळ थांबतच नाही आणि ताप आहे, अशा वेळी सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. काही खाऊ-पिऊ नका, जुलाब होण्याचं औषध तर अजिबात घेऊ नका आणि सिव्हिल असो की खासगी, जिथे सर्जन हजर असेल त्या अपघात विभागात त्याच तासाला पोचा. जुन्या रिपोर्टची फाइल तेवढी सोबत घ्या.